गायीचं पोट कसं चालतं ते समजून घ्या, मग गव्हाणीत टाका

खुराक वाढवला तरी दूध वाढत नाही, उलट फॅट खाली आली, असं झालं की बहुतेक जण पेंड बदलतात. पण आधी पोट समजून घ्या.

गाय चारा नीट न चावताच गिळते, तो जातो कोठीपोटात. मोठ्या संकरित गायीचं हे कोठीपोट म्हणजे शंभर लिटरच्या वरची टाकीच आहे आणि त्यात कोट्यवधी जिवाणू असतात. कडबा गाय स्वतः पचवतच नाही, हे जिवाणू तो आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात ती रक्तात जातात आणि गायीला लागणारी साधारण ७० टक्के ताकद तिथूनच येते. दुधाची फॅट पण बरीचशी कडब्याच्या तंतूपासून बनणाऱ्या आम्लावरच असते. पुढे जाळीपोट, पडदेपोट, आणि चौथं ते खरं पोट, आपल्यासारखं, तिथे हे जिवाणूच पचतात आणि गायीला प्रोटीन मिळतं. म्हणजे आपण गायीला नाही, आधी जिवाणूंना खाऊ घालतो, हे डोक्यात पक्कं बसू द्या.

आता रवंथ. गाय निवांत बसली की गिळलेला चारा परत तोंडात आणते, एकेक घास ५०-६० वेळा चावते, असं दिवसातून ७-८ तास चालतं. या चावण्याने लाळ सुटते, दिवसाला १०० लिटर किंवा जास्तच, आणि त्या लाळेत निसर्गानेच सोडा घातलेला असतो, तो पोटातलं आम्ल मारतो. म्हणून कुट्टी, म्हणजे कापलेला चारा, पार भुगा करू नका, इंच-दीड इंच ठेवा. भुगा खाल्ला की रवंथ कमी, लाळ कमी, पोट आंबट, फॅट खाली.

सकाळी उपाशी पोटी मक्याचा भरडा टाकायचा नाही, आधी थोडा कडबा किंवा वैरण द्या, मग खुराक, तो पण एकदम नाही, दोन-तीन वेळा विभागून. आणि लग्नातला उरलेला भात, चपात्या, गव्हाचं पीठ वगैरे प्रेमाने पाटीभर घालू नका हो. आमची एक दुभती गाय अशीच गेली, रात्री भात खाल्ला, सकाळी उठेना, शेण पातळ, डोळे खोल गेलेले. भाताने पोटात आम्ल इतकं वाढतं की चांगले जिवाणू मरतात. असं काही खाल्लंय असं कळलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

चारा बदलायचा असेल, समजा कडब्यावरून मुरघासावर (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर), तर १०-१५ दिवस घ्या, रोज थोडं जुनं कमी आणि थोडं नवीन जास्त, कारण नव्या चाऱ्याचे जिवाणू वाढायला वेळ लागतो. दव पडलेला कोवळा लसूणघास नुसता देऊ नका, पोट फुगतं, आधी सुकी वैरण खाऊ द्या.

पोट चालतंय का ते बघायला मशीन लागत नाही. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरा आणि दोन मिनिटं थांबा, दोन-तीन वेळा आतून लाट आल्यासारखी मूठ उचलली गेली पाहिजे. लाट नाही, किंवा भकाळी ढोलासारखी टणक, तर थांबू नका. दुपारी गोठ्यात जाऊन बघा, बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत.

एक राहिलंच, तार आणि खिळे. गाय चाऱ्याबरोबर गिळते, ते जाळीपोटात अडकतात आणि जाळीपोट हृदयाला अगदी लागून असतं, म्हणजे तार टोचत हृदयापर्यंत जाऊ शकते. कडब्याच्या पेंढीला तार बांधली असेल तर कुट्टी मशीनपाशी नेण्याआधीच ती काढून बाजूला डब्यात टाका.