‘लेबल नाही’ एवढंच लिहून तिकीट टाकू नका

ॲक्सेसिबिलिटीच्या (म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता यावं याच्या) बगचं माझं पहिलं तिकीट, म्हणजे डेव्हलपरसाठी केलेली दोषाची नोंद, एका ओळीचं होतं : ‘मोबाइल नंबरच्या रकान्याला लेबल नाही.’ डेव्हलपरने स्क्रीनशॉट जोडून ते बंद केलं. रकान्याच्या वर ठळक अक्षरांत ‘मोबाइल नंबर’ लिहिलेलं दिसत होतं. त्या दिवशी मला फार लागलं. पण त्याचं चुकलं नव्हतं, शब्द माझा चुकला होता.

लेबल म्हणजे नक्की काय? डोळ्यांना दिसणारी अक्षरं हे लेबल. एचटीएमएलमधला लेबल टॅग, जो ‘फॉर’ देऊन रकान्याच्या आयडीला जोडता येतो, तेही लेबल. कोडमध्ये लिहिलेलं, पडद्यावर न दिसणारं आरिया-लेबल वेगळंच. आयफोनवाले ॲक्सेसिबिलिटी लेबल म्हणतात, अँड्रॉइडवाले कन्टेन्ट डिस्क्रिप्शन. त्यात भर म्हणून ट्रॅकरवर, म्हणजे तिकिटांच्या यादीत, तिकिटाला चिकटवतो ते ‘ए११वाय’ (ॲक्सेसिबिलिटीचं लघुरूप), तेही लेबलच! मला म्हणायचं होतं ॲक्सेसिबल नेम, म्हणजे या सगळ्यांतून ब्राउझर शेवटी जे एक नाव काढून स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हाती देतो ते. आमच्या रकान्यावर अक्षरं होती, पण ती रकान्याशी जोडलेली नव्हती.

तिकीट पुन्हा उघडताना मी उपायच लिहून दिला : ‘आरिया-लेबल टाका.’ ही चूक जास्त महागात पडली. त्याने शेजारच्या बटणालाही ते टाकलं. दिसायला ‘पुढे जा’, आरिया-लेबल ‘सबमिट’. आरिया-लेबल असलं की दिसणारा मजकूर नावातून बाद होतो. मग आवाजावर यंत्र चालवणारा माणूस ‘पुढे जा’ म्हणत राहतो आणि बटण हलत नाही. डब्ल्यूसीएजी या वेब-ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांतला २.५.३ हा निकष याचसाठी आहे : दिसणारे शब्द नावात असलेच पाहिजेत. रकान्याला साधा लेबल टॅग जोडला असता तरी भागलं असतं. शिवाय लेबलवर क्लिक केलं तरी कर्सर रकान्यात जातो. हात थरथरणाऱ्याला ही केवढी सोय आहे!

आता मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकलेलं जसंच्या तसं लिहिते. ‘एनव्हीडीए आणि क्रोम, दोन्हींच्या आवृत्त्या अमुक. टॅबने रकान्यावर गेल्यावर ऐकू येतं : एडिट, ब्लँक. अपेक्षित : मोबाइल नंबर, एडिट, ब्लँक. निकष ४.१.२ (नाव, भूमिका, मूल्य).’ एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे, त्यातून मजकूर उचलता येतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ॲक्सेसिबिलिटीचा भाग उघडला की नाव कुठून आलं तेही दिसतं. तो स्क्रीनशॉट जोडा, वाद तिथेच मिटतो.

माझे सीनियर म्हणायचे, आपोआप तपासणाऱ्या टूलचा रिपोर्ट जोड आणि मोकळी हो. हा सल्ला ऐकू नका. नाव आहे की नाही हे टूल सांगेल, ते नाव माणसाला कळेल का हे नाही सांगणार. लाइटहाउस या अशाच टूलवर १०० गुण मिळालेलं पानही स्क्रीन रीडरवर अडू शकतं. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सहकाऱ्याबरोबरचा एक तास मला कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकवून गेला. मात्र त्या तासाचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत.

सुरुवातीची बरीच तिकिटं परत येतील. येऊ द्या, माझीही आली, आणि प्रत्येक परतीनंतर माझं लिखाण सुधारलं. ए११वायचं लेबल जरूर लावा, पण शीर्षकात ‘ॲक्सेसिबिलिटी इश्यू’ लिहून थांबू नका. ‘स्क्रीन रीडरवर मोबाइल नंबरचा रकाना ओळखू येत नाही, नोंदणी अडते’ असं लिहा. प्राधान्य ठरवणारे पुष्कळदा तेवढीच ओळ वाचतात.