दोन मुलींवर थांबायचंय? घरी असं बोला

मी बीड जिल्ह्यात आशा सेविका आहे. २०११ च्या जनगणनेत आमच्याकडे सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. म्हणून हे कळकळीनं सांगते.

आधी नवरा-बायकोनं एकमेकांत ठरवा, मग सासूबाईंना सांगा. सूनबाईला एकटीला पुढं करू नका. “वंशाला दिवा पाहिजे” म्हटलं की उत्तर मुलानं द्यावं: “आई, मुलगा की मुलगी हे माझ्याकडून ठरतं, तिच्याकडून नाही.” मूल मुलगा की मुलगी हे एक्स आणि वाय या गुणसूत्रांवर ठरतं, वाय आला तर मुलगा. आईच्या बीजात एक्सच असतो, वाय आला तर बापाकडूनच येतो. हे लेकाच्या तोंडून ऐकलं की सूनबाईवरचा ठपका हलतो, हे मी पाहिलंय.

नसबंदीच्या ऑपरेशनला मन होत नसेल तर तांबी (कॉपर-टी) बसवा, प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. गर्भ राहू नये म्हणून अंतरा इंजेक्शनही मिळतं, ते दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनो, कारखान्याला निघायच्या आधी पुढची तारीख विचारून घ्या. पुरुष नसबंदी बिनटाक्याची असते, ताकद जात नाही. मात्र नंतर तीन महिने निरोध वापरा आणि वीर्यतपासणी करून घ्या.

“मुलगा की मुलगी, सोनोग्राफीत बघून देतो” म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर मुलींसाठी पैसे देणाऱ्या ‘लेक लाडकी’ या सरकारी योजनेचा अर्ज अंगणवाडीताईकडे भरा. दुसऱ्या लेकीनंतर ऑपरेशनचा दाखला लागतो, तो जपून ठेवा.