ब्लूटूथने रस्त्यावरचा ट्रॅव्हल टाईम मोजताय? मग या चुका टाळा

रस्त्यावर दोन ठिकाणी खांबावर डबा लावायचा, जाणाऱ्या गाड्यांमधले मोबाईल, कार स्टिरिओ, हेल्मेटमधले हेडसेट यांचे ब्लूटूथ पत्ते (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टिपायचे, तोच पत्ता पुढच्या खांबावर दिसला की वेळांची वजाबाकी करायची. पद्धत एवढीच, आणि अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये ती मोठ्या रस्त्यांवर वापरली गेलीय. आपल्याकडे रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घेऊन कॉलेजची मुलंही करतात. पण आकडे वेडेवाकडे आले की सगळे आधी कोड उघडून बसतात. माझं ऐका, आधी खांबापाशी जाऊन अर्धा तास उभे राहा.

पहिली चूक म्हणजे डबे फार जवळ लावणं. ब्लूटूथचा एक पूर्ण शोध १०.२४ सेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात ६०च्या स्पीडची गाडी १७० मीटर पुढे जाते, म्हणजे ती नेमकी कुठे असताना सापडली ते कळतच नाही. आता ५०० मीटरवर दुसरा डबा असेल तर अख्खा प्रवासच ३० सेकंदांचा, त्यात दोन्ही टोकांना इतके सेकंद इकडेतिकडे झाले तर हातात काय राहिलं? शहरातसुद्धा दीड-दोन किलोमीटर तरी अंतर ठेवा.

सिग्नलपाशी डबा असेल तर जास्तच जपून. लाल दिव्यावर दोन मिनिटं थांबलेली गाडी डब्याला पुन्हा पुन्हा दिसते, मग त्यातली कुठली नोंद धरायची? पहिल्या खांबाची पहिली आणि दुसऱ्या खांबाची शेवटची घेतली तर दोन्ही सिग्नलचं थांबणं मोजलं जातं, उलट केलं तर एकाचंही नाही. शेवटची ते शेवटची घ्या, म्हणजे फक्त पुढच्या सिग्नलचं थांबणं एकदा येतं, आणि माणसाला घरी पोचायला तेवढंच तर लागतं.

पहिली ते पहिली घेतली तर अजून एक गंमत होते. आमच्या लॉगमध्ये एक पत्ता सकाळी सातला उगवायचा आणि रात्री दहापर्यंत हलायचा नाही. जाऊन बघितलं तर खांबाखालच्या चहाच्या टपरीवर फळीवर ठेवलेला स्पीकर. रात्री काका तो पिशवीत घालून स्कूटरवरून दुसऱ्या खांबाखालून घरी जायचे आणि आमच्याकडे पंधरा तासांचा प्रवास नोंदला जायचा!

प्रवासाचा वेळ मायनसमध्ये येतोय? घड्याळ बघा. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर लाईट गेल्यावर वेळ धरून ठेवणारं घड्याळच नसतं, परत चालू झाला की नेट मिळेपर्यंत जुनीच वेळ दाखवतो. वेगळं आरटीसी मॉड्यूल, म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ, किंवा जीपीएस जोडा. आणि रेंज एकदम कमी वाटली तर डबा लोखंडी आहे का आणि अँटेना आतच राहिलाय का ते तपासा.

सगळ्यात वाईट चूक गाळणीची. ‘वीस मिनिटांच्या वरचं सगळं उडवा’ असा नियम लावला की पेट्रोल भरायला थांबलेले जातात खरे, पण ज्या दिवशी खरोखर ट्रॅफिक तुंबतं त्या दिवशी खऱ्या नोंदीही जातात आणि लोकांना वेळ दाखवणाऱ्या फलकावर रस्ता मोकळा दिसतो. त्यात जॅममध्ये आधी पोचतात त्या फटीतून निघालेल्या बाईक, अडकलेल्या गाड्या अजून पोचलेल्याच नसतात, त्यामुळे आकडा आणखीच खोटा. तो बघून कुणीतरी स्टेशनला निघतं हो. म्हणून कायमची रेषा ओढू नका, सरासरीऐवजी मीडियन (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) घ्या, आधीच्या दहा-पंधरा मिनिटांशी ताडून बघा. एका बसमधले दहा फोन एकत्र गेले तर त्या दहा गाड्या नव्हेत, हेही ध्यानात असू द्या.

वायफायवर करत असाल तर आयफोनने २०१४ पासून आणि अँड्रॉइडने ८ व्या आवृत्तीपासून पत्ते बदलते केलेत. पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो सहसा असा तात्पुरता पत्ता, जुळवायला घेऊ नका.

आणि पत्ते तसेच साठवू नका, त्यावरून माणसाचा माग काढता येतो. नुसतं हॅश करून, म्हणजे पत्ता गणिताने दुसऱ्याच आकड्यात बदलून, भागत नाही, कारण पत्त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीचा, तो माहीतच असतो, उरलेल्याच्या शक्यता जेमतेम १ कोटी ६८ लाख, लॅपटॉपवर पटकन उलगडतात. हॅशमध्ये रोज बदलणारी गुप्त किल्ली घाला आणि दिवस संपला की ती पुसून टाका.