अफलातून कुठे म्हणायचं, कुठे नाही

हल्ली मेसेजमध्ये आपण सगळ्यालाच भारी, मस्त, सुपर म्हणतो आणि अफलातूनसारखा भरदार शब्द बाजूला राहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून तो कसा वापरायचा ते सांगते.

आधी तो आला कुठून ते बघा, अर्थ तिथेच आहे. अफलातून म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो! ग्रीकमध्ये त्याचं नाव प्लॅटोन, अरबीत प नाही म्हणून त्याचा फ झाला, शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही म्हणून पुढे अ लागला, आणि फारसीतून तो आपल्याकडे आला. म्हणजे मुळात हे नाव एका अचाट डोक्याच्या माणसाचं. म्हणून 'हे सुचलं कसं' असं जिथे तोंडून निघतं तिथे हा शब्द चपखल बसतो. परवा आत्याने कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून थालीपिठात घातला, वरून तीळ, कडेने तेल सोडलं, झाकण काढलं तर कडा कुरकुरीत आणि आत लुसलुशीत. आजोबांनी पहिला घास घेतला आणि एवढंच म्हणाले, "अफलातून!"

नुसतं मोठं असेल तर अफाट म्हणा, गर्दी अफाट असते, अफलातून नाही. वेग किंवा वारा भन्नाट. पण झेल, चाल, कल्पना, उत्तर, चव हे सगळं अफलातून.

वापरायला सोपा आहे, लिंग वचन काही बदलत नाही, अफलातून मुलगा, अफलातून मुली, "काय अफलातून खेळली ती". 'खूप अफलातून' मात्र कानाला खटकतं, जोर द्यायचाच तर 'एकदम' लावा. आणि लिहिताना तू दीर्घ.

माणसाबद्दल बोलताना जरा सूर सांभाळा, "अफलातून माणूस आहे" म्हणजे कौतुकही होतं आणि जगावेगळा, विक्षिप्त असाही अर्थ निघतो. हिंदीत तर अजून जपून, तिकडे स्वतःला फार शहाणा समजणाऱ्याला टोमणा म्हणून अफलातून म्हणतात, त्यामुळे हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीचं कौतुक करायला दुसरा शब्द शोधा.

आणि हो, मुंबईत मोहम्मद अली रोडला "पाव किलो अफलातून द्या" असं ऐकलंत तर दचकू नका, ती मावा, अंडी, तूप घालून केलेली मिठाई आहे, खाऊन बघाच.