शिकागोच्या थंडीत फर्नेस बंद पडू नये म्हणून

डिसेंबर लागला की ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन यायला लागतात : "काकू, फर्नेस चालू होत नाहीये." फर्नेस म्हणजे गॅसवर हवा तापवून ती घरभर सोडणारं यंत्र. मी मेकॅनिकल इंजिनिअर, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहते, म्हणून हे फोन माझ्याकडे. ३० जानेवारी २०१९ला ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३० सेल्सियसच्याही खाली गेला होता. अशा दिवशी मेकॅनिक लगेच मिळत नाही. आणि बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसतोच. कुठेतरी हवा अडलेली असते, नाहीतर पाणी तुंबलेलं असतं. या दोन्ही गोष्टी घरच्या माणसाला बघता येतात.

सुरुवात फर्नेसमध्ये जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरपासून. जुन्या फिल्टरच्या कडेवर माप छापलेलं असतं, १६ × २५ × १ वगैरे, तेच आणा. कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेला हवा. १ इंची फिल्टर हिवाळ्यात महिन्यातून एकदा काढून उजेडासमोर धरायचा, आरपार उजेड दिसला नाही की बदलायचा. पाकिटावर ९० दिवस लिहिलेलं असतं, पण आपल्या घरात रोज फोडणी, सणावाराला तळण, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. तो तेलकट धूर फिल्टरवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. स्वयंपाक करताना शेगडीवरचा पंखा लावा. तो हवा बाहेर सोडणारा असेल तरच उपयोग. जास्त चांगला म्हणून मर्व्ह १३चा पातळ फिल्टर घालू नका (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा). बऱ्याच फर्नेसना त्यातून पुरेशी हवा खेचता येत नाही, आतला भाग फार तापतो आणि सुरक्षा-स्विच बर्नर बंद करतो. मर्व्ह ८ पुरतो.

आता घराबाहेर या. नव्या फर्नेसचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर आलेले असतात, एक हवा आत घेणारा, दुसरा धूर सोडणारा. वाऱ्याने बर्फाचा ढीग भिंतीला लागला की ते बुजतात आणि फर्नेस स्वतःला बंद करून घेते. मोठा बर्फ पडला की ड्राइव्हवेच्या आधी हे पाइप मोकळे करा, हाताने किंवा मऊ ब्रशने. गरम पाणी ओतू नका, तिथेच गोठतं. याच फर्नेसमधून पाणीही निघतं. ते एका बारीक नळीने बेसमेंटच्या मोरीत किंवा छोट्या पंपात जातं. फर्नेसच्या पायाशी ओल दिसली तर ती नळी तुंबली आहे असं समजा.

तरीही चालू झाली नाही, तर आधी फर्नेसजवळचा स्विच बघा. तो दिव्याच्या बटणासारखाच दिसतो आणि बेसमेंटमधून तांदळाची गोणी आणताना कोणीतरी बंद करतं. खालचं झाकण नीट बसलं नसेल तरी ती सुरू होत नाही. मग थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं बटण, वाढवून शेजारी उभं राहून ऐका : आधी लहान पंख्याची घरघर, मग इग्नायटरचा लाल उजेड, भस्सकन पेट आणि थोड्या वेळाने घरात गरम हवा ढकलणारा मोठा पंखा, ब्लोअर. ज्योत निळी, स्थिर हवी. पेटून काही सेकंदांत विझत असेल आणि तेच पुन्हापुन्हा होत असेल, तर बहुधा ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरवर पुटं चढली आहेत. मेकॅनिकला फोनवर नेमकं हेच सांगा. झाकणाच्या काचेतून लुकलुकणारा दिवा किती वेळा लुकलुकतो तेही सांगा. किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, ते झाकणाच्या आत छापलेलं असतं.

गॅसच्या कामाला मात्र हात लावू नका. फर्नेस बिघडली तर घरात पसरू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून इलिनॉयमध्ये प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत अलार्म कायद्यानेच सक्तीचा आहे. त्याच्या पाठीवरची तारीख आजच बघा, तोही जुना होतो. वाजला तर खिडक्या उघडत बसायचं नाही. पोरं, आजी-आजोबा सगळ्यांना घेऊन बाहेर आणि मग ९११ला, आणीबाणीच्या नंबरला, फोन.

फर्नेसला ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) असेल तर त्याचं पॅड दर हिवाळ्याआधी बदला. कडाक्याची थंडी पडली की आर्द्रता थोडी कमी ठेवा, नाहीतर खिडक्यांना आतून पाणी सुटतं. एसीच्या बाहेरच्या युनिटवर हवं तर वरून फळी ठेवा, पण ताडपत्रीत गुंडाळू नका. आत दमट राहून गंज चढतो आणि उंदीर घर करतात. हीट पंप, म्हणजे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करणारं युनिट, असेल तर काहीच झाकायचं नाही, तो हिवाळ्यातही चालतो. त्यातून मधूनच वाफ निघते, ती स्वतःवरचा बर्फ वितळवण्याची.

सुट्टीत भारतात जाणार असाल तर फर्नेस बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको, मी ६० ठेवते. नवा फिल्टर घाला, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि बर्फ पडला की ते दोन पांढरे पाइप बघायला सांगा. निघण्याआधी प्रत्यक्ष नेऊन दाखवा.