व्हॉट्सॲप एकट्याने सोडू नका, अख्खा ग्रुप घेऊन बाहेर पडा

२०२१ चा जानेवारी आठवतोय का? व्हॉट्सॲपने नवीन प्रायव्हसी पॉलिसी आणली, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा नाहीतर बघा असा एकूण सूर, आणि घराघरात बोंबाबोंब. ज्याला त्याला अचानक सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप हवं झालं, १५ जानेवारीला तर एवढी गर्दी झाली की सिग्नलचे सर्व्हरच बसले. व्हॉट्सॲपने तारीख १५ मेपर्यंत ढकलली. आणि मग काय, लोकांनी सिग्नल टाकलं, दोघा-चौघांना हाय केलं, पुढे तिथे कोणी बोलेचना कारण सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, मामे-मावस भावंडांचा ग्रुप सगळं जिथल्या तिथे, थोड्याच दिवसांत बहुतेक सगळे परत जुन्या जागी. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं अकाउंट बंद केलं तेव्हाही तेच, रागारागाने बरीच भारतीय मंडळी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या ठिकाणी गेली आणि त्यातली पुष्कळशी हळूहळू परतली.

राग खोटा नव्हता हो. पण प्रत्येकजण एकेकटा निघाला, आणि ही ॲप्स आपल्याला धरून ठेवतात ती आपल्याच माणसांच्या जोरावर. म्हणून हे खाली लिहितोय ते "फोनमधून गुगल कसं काढावं" टाइप नाहीये, ते यूट्यूबवर ढीगभर आहे (गंमत आहे ना, गुगल सोडायचं कसं ते गुगलच्याच यूट्यूबवर). हे आहे चार माणसांनी मिळून, शांतपणे, कारण सांगून बाहेर कसं पडायचं ते.

आधी कारण एका वाक्यात लिहून काढा, कागदावर. "मेटा वाईट आहे" (मेटा म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा यांची मालक कंपनी) हे कारण नाही, त्यावर काका म्हणतील सगळेच वाईट आहेत आणि विषय संपला. "आमच्या सोसायटीच्या दोनशे लोकांचे नंबर आणि कोण कधी कोणाशी बोलतं याची नोंद एका परदेशी जाहिरात कंपनीकडे असू नये" हे कारण. मेसेजच्या आतला मजकूर व्हॉट्सॲपला दिसत नाही, तो एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाही, उगाच "ते आपले मेसेज वाचतात" असं सांगत फिरू नका, कोणीतरी जाणकार उभा राहून खोडून काढेल आणि तुमची सगळी बाजू पडेल. त्याच २०२१ च्या पॉलिसीवरून कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग) नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोकला, प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते सांगा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

मग एकच गोष्ट निवडा. सगळं एकदम सोडायला जाणारा माणूस आठवड्यात थकतो. ज्याच्यात दुसरं कोणी अडकलेलं नाही तिथून सुरुवात सोपी, म्हणजे ब्राउझर (क्रोमऐवजी फायरफॉक्स, अर्ध्या तासाचं काम, बुकमार्क पण येतात), नकाशा (ऑर्गॅनिक मॅप्स, ऑफलाइन चालतो, ट्रेकला तर झकास, पण मुंबईतलं ट्रॅफिक नाही दाखवत आणि दुकानांचे फोन नंबर तुरळक), आणि पैसे. पैशांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की जीपे बंद केलं तर यूपीआय बंद. अहो यूपीआय एनपीसीआयचं, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं आहे, जीपे नुसता दरवाजा. भीम ॲप आहे, तुमच्या बँकेचं स्वतःचं ॲप आहे, खातं तेच, भाजीवाल्याचा क्यूआर पण तोच. फक्त नवीन यूपीआय आयडी झाला की भाडेकरू, क्लासवाले वगैरे जे तुम्हाला पैसे पाठवतात त्यांना कळवा, आणि जुन्या ॲपमध्ये एखादा ऑटोपे लावलेला असेल तर तो आधी बघा.

ईमेल मात्र सावकाश. नवीन पत्ता घ्या (प्रोटॉन आहे स्वित्झर्लंडचं, टुटा जर्मनीचं, किंवा शक्य असेल तर स्वतःचं डॉट इन डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता घ्या, म्हणजे पुढे कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं). मग वहीत यादी करा, बँक, पीएफ, एलआयसी, इन्कम टॅक्स, आधार, रेल्वे तिकीट, वीजबिल. रोज एक बदला. जीमेलवर फॉरवर्डिंग लावून ठेवा आणि निदान वर्षभर ते अकाउंट उडवू नका, कारण यादीत नसलेलं काहीतरी मार्चमध्ये उगवतंच. फोटो आणि बाकी सगळं गुगल टेकआउटमधून काढता येतं, झिप फायली येतात, लिंक साधारण आठवडाभरच चालते म्हणून मागवली की लगेच हार्ड डिस्कवर उतरवा, आणि उघडून बघा, नुसती उतरवून ठेवू नका. आणि मराठी टाइपिंगबद्दल खरं सांगतो, बोलून टाइप करायला गुगलचा कीबोर्ड जेवढा चांगला चालतो तेवढं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही, तो मी ठेवलाय, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

आता ग्रुप. खरी मेहनत इथेच आहे.

सगळ्यात मोठा ग्रुप घेऊ नका. दहा-पंधरा लोकांचा, ज्यात रोजचं काम चालतं असा घ्या, भिशीचा, ट्रेकवाल्यांचा, सोसायटीच्या कमिटीचा, भजनी मंडळाचा. नुसता गुड मॉर्निंगवाला ग्रुप हलत नाही कारण तिथे हलायचं कारणच नसतं. ज्या ग्रुपमध्ये "टँकर किती वाजता येणार" हे कळतं तो हलतो. मग ज्या दोघा-तिघांच्या मेसेजची सगळे वाट बघतात, म्हणजे सेक्रेटरी, हिशोब ठेवणारी काकू, त्यांना आधी पटवा, बाकीच्यांना भाषण देऊन उपयोग नाही. त्यांना पटलं की तारीख ठरवा, महिन्याची एक तारीख किंवा पाडवा, आणि त्या दिवसापासून टँकर, मेंटेनन्सची पावती, मीटिंगची वेळ हे फक्त नवीन ठिकाणी. जुन्या ग्रुपमध्ये सेटिंग बदलून फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करा आणि डिस्क्रिप्शनमध्ये नव्या ग्रुपची लिंक टाका. दोन्हीकडे टाकत बसलात तर कोणीही येणार नाही, का यावं?

कोणत्या ॲपवर जायचं यावर भांडणं होतील, होऊ द्या थोडी. मी सिग्नल सांगतो. ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत, आणि ती संस्था २०१८ मध्ये उभी राहिली त्यात ५ कोटी डॉलर घातले ब्रायन ॲक्टनने, म्हणजे व्हॉट्सॲप ज्यांनी बनवलं त्या दोघांपैकीच एक. टेलिग्राम नको, तिथे ग्रुपचे मेसेज एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नसतात, लोकांना उगाच उलटं वाटतं. "भारतीय ॲप घ्या" म्हणणारे असतीलच, चांगली भावना आहे, पण कू आठवा, ट्विटरला देशी पर्याय म्हणून गाजलं आणि जुलै २०२४ मध्ये बंद झालं. झोहो या भारतीय कंपनीचं अराट्टई २०२५ मध्ये एकदम वर आलं, पण तेव्हा त्यात मेसेजना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन नव्हतं. झेंडा कोणता ते नंतर बघा, आधी विचारा की हे चालतं कोणाच्या पैशावर, आणि उद्या इथूनही निघावंसं वाटलं तर माझं सामान मला मिळेल का.

बायकांच्या ग्रुपला सिग्नलचा एक मुद्दा लगेच पटतो, तो जरूर सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, सिग्नलमध्ये २०२४ पासून ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीच सेव्ह आहे तो सोडून कोणाला दिसत नाही. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत ही लहान गोष्ट नाही.

आजी-आजोबांना लिंक पाठवून "इन्स्टॉल करा" म्हणू नका, शेजारी बसून करून द्या. ग्रुपला तोच जुना फोटो, तेच नाव. अक्षर मोठं करा. बऱ्याच चिनी कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला ॲप मागच्या मागे मारून टाकतात आणि मग नोटिफिकेशन येत नाही, लोक म्हणतात सिग्नल बंडल आहे, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलला सूट द्या, हे एक काम केलंत तरी निम्म्या तक्रारी बंद. सिग्नलचा पिन वहीत लिहा. आणि बॅकअप मुद्दाम चालू करावा लागतो, त्याची लांबलचक किल्ली देतात ती पण वहीत, ती हरवली आणि फोन पडला तर नातवाचे फोटो गेले, कस्टमर केअर वगैरे काही नाही.

मग डिलीट. नुसतं ॲप काढून टाकलं तर अकाउंट जिवंत राहतं, लोक मेसेज पाठवत राहतात, एक टिक दिसत राहते आणि त्यांना वाटतं हा शिष्ट झाला. आधी महत्त्वाच्या चॅट एक्स्पोर्ट करा, जिथे तुम्ही एकटेच ॲडमिन आहात तिथे दुसरा नेमा, आणि मग सेटिंगमधल्या अकाउंटमध्ये जाऊन डिलीट माय अकाउंट. फेसबुकचं वेगळं, डिलीट केल्यावर ३० दिवस थांबतात, त्यात एकदा जरी लॉगिन केलंत तर रद्द करून परत येता येतं, म्हणून फोनमधून ॲप काढा आणि कोणकोणत्या साइटवर "लॉगिन विथ फेसबुक" केलंय ते त्याआधी शोधा. इन्स्टा आपोआप जात नाही, ते वेगळं उडवावं लागतं.

जाताना गप जाऊ नका. गप गेलात तर ती तुमची खासगी सवय झाली, नागरिक म्हणून काही केलं असं नाही. आठवडाभर आधी साधा मेसेज, असा काहीतरी:

"मंडळी, एक तारखेपासून मी व्हॉट्सॲपवर नसेन. आपल्या नंबरांचा आणि ओळखीपाळखीचा जाहिरातींसाठी वापर होतो ते मला मान्य नाही. कोणावर राग नाही, कोणी सोडलंच पाहिजे असंही नाही. फोन चालू आहे, एसएमएस चालू आहे, सिग्नलवर आहे. घरी या, चहा चालूच आहे."

हाच मजकूर थोडा औपचारिक करून कंपनीच्या भारतातल्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मना असा अधिकारी नेमावा लागतो आणि २४ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते. उत्तर छापील येईल, येऊ दे, नोंद राहते. पंधरा जणांनी एकाच दिवशी पाठवलं तर आणखी बरं, पण प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आणि सभ्य.

आणि जे राहतील त्यांना टोमणे मारायचे नाहीत. पापड-लोणच्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेणारी ताई, इन्स्टावर साड्या विकणारी मुलगी, यांचं पोट त्यावर आहे, त्यांना "तू अजून तिथेच?" म्हणणं हा माज झाला. फार तर त्यांचा नंबर सेव्ह करा आणि फोन करून ऑर्डर द्या.

आता पैशाचं. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली ते आपण शाळेत शिकतो, पैसा फंडाबद्दल कमीच बोललं जातं. अंताजी दामोदर काळे लोकांकडून एकेक पैसा गोळा करत फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, माणसं काच करायला शिकली. मला त्या होळीपेक्षा हा कारखाना जास्त पटतो. सिग्नलने २०२३ मध्ये स्वतःचा हिशोब मांडला होता, २०२५ पर्यंत वर्षाला साधारण ५ कोटी डॉलर लागतील, आणि नुसत्या नोंदणीच्या एसएमएसवर वगैरे तेव्हाच वर्षाला ६० लाख डॉलर जात होते. हे कोणीतरी भरतं म्हणून आपल्याला फुकट मिळतं. ग्रुपने वर्षाकाठी माणशी पन्नास-शंभर काढून एकाच्या कार्डवरून पाठवा, कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, काम झालं की परत बंद करा. ज्यांना पैसे द्यायचे नाहीत त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला मोफत नकाशा) आपल्या गावातल्या गल्ल्या, दवाखाने, पाणवठे भरा, मराठीत नावं टाका, खेड्यांचा नकाशा अजून बराच रिकामा आहे.

शेवटचं काम लोक करतच नाहीत, आणि माझ्या मते तेच सगळ्यात जास्त टिकतं. शाळा, नगरपालिका, ग्रामपंचायत यांना लेखी सांगायचं की सूचना फक्त व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मेटाबरोबर करार करून "आपले सरकार" पोर्टलवरच्या सेवा व्हॉट्सॲपवर आणायचं जाहीर केलं. सोय आहे, नाही म्हणत नाही मी, पण दाखला काढायला एका खासगी कंपनीचं अकाउंट लागता कामा नये, वेबसाइट आणि खिडकी दोन्ही चालूच राहिली पाहिजे. लोकांनी लिहून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०१५ सांगा, तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे सगळ्या साइटना इंटरनेटवर सारखीच वागणूक मिळावी म्हणून, दहा लाखांच्या वर ईमेल ट्राय या टेलिकॉम नियामकाकडे गेले होते, पुढे फेसबुकच्या फ्री बेसिक्सवरून (ठरावीक साइटच फुकट देणारी योजना) पुन्हा रान उठलं, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने जो नियम केला त्याने फ्री बेसिक्स इथून गुंडाळावं लागलं.

अर्ज एका पानाचा पुरे. मागणी एकच ठेवा, "पाणीपुरवठ्याच्या आणि कराच्या सर्व सूचना नगरपालिकेच्या वेबसाइटवर आणि कार्यालयाच्या फलकावर त्याच दिवशी लावाव्यात". खाली जमतील तेवढ्या सह्या, सही करणारा अजून व्हॉट्सॲपवर असला तरी चालतो. दोन प्रती न्या, आवक-जावकला एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. महिनाभरात काही हाललं नाही तर माहितीचा अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा की कोणत्या कंपनीशी कोणता करार झालाय, त्याची प्रत द्या, आणि नागरिकांची कोणती माहिती कोणाकडे जाते. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.