तंजावरला बृहदीश्वर पाहताना दुपार टाळा

राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेलं हे मंदिर ग्रॅनाइटचं आहे, आणि आवारात अनवाणीच फिरावं लागतं. अकरानंतर फरशी इतकी तापते की माणसं शिखराकडे बघायचं सोडून सावली शोधत पळतात. जाड पायमोजे पिशवीत ठेवा. त्यातही दुपारी साधारण साडेबारा ते चार दर्शन बंद असतं. म्हणून सकाळी लवकर जा, नाहीतर चारनंतर. मला संध्याकाळ जास्त आवडते. उतरत्या उन्हात दगड मधासारखा दिसतो.

आणि एक गोष्ट मराठी माणसाने अजिबात चुकवू नये. नंदी आणि गाभारा पाहून बहुतेक जण परततात. तुम्ही आवाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीकडे वळा. तिथे तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, चक्क मराठीत! भला मोठा लेख आहे, भाषा जुनी, पण सावकाश वाचत गेलं की ओळखीचे शब्द भेटू लागतात. घरापासून इतक्या दूर आपली भाषा दगडात वाचताना गळा दाटून येतो. त्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवा, आणि अक्षरांना हात लावू नका.